तापीच्या खोऱ्यातून अणुविजेकडे पाहताना: खान्देशात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे विजेवर बोलणं निघालं की सुरुवात सौरपंपापासून होते आणि थोड्याच वेळात कुणीतरी अणुभट्टीचं नाव काढतंच. मग जे प्रश्न येतात ते साधारण खालचे. काहींची उत्तरं दोन ओळींत आटोपतात, काहींना वेळ द्यावा लागतो. लिहिणाऱ्याचा कल अणुविजेच्या बाजूने आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण जिथे तिची बाजू लंगडी आहे तिथे ती लंगडीच ठेवली आहे.

अणुवीज म्हणजे तारापूर, जैतापूर, कोकणातल्या गोष्टी. खान्देशाचा त्यात काय संबंध?

भुसावळ-सुरत मार्गावरच्या गाडीत बसा. नवापूर गेलं की उकाई-सोनगढ येतं, मग व्यारा. व्याऱ्यापासून थोड्याच अंतरावर काकरापारचं अणुवीज केंद्र आहे आणि त्याच्या अणुभट्ट्या तापीच्या पाण्यावर चालतात, म्हणजे हतनूरहून सोडलेलं, प्रकाशा-सारंगखेड्याखालून गेलेलं, उकाईत अडवलेलं पाणी. तिथे २२० मेगावॅटचे दोन जुने संच आहेत आणि ७०० मेगावॅटचे दोन नवे. नव्यांपैकी तिसरा संच २०२३ च्या जूनअखेर व्यापारी तत्त्वावर सुरू झाला, चौथा मार्च २०२४ अखेर. देशी बनावटीची ७०० मेगावॅटची पहिली अणुभट्टी म्हणजे हाच तिसरा संच.

तापीच्या खोऱ्यात विजेचा प्रत्येक प्रकार सापडतो. भुसावळजवळच्या दीपनगरला कोळसा, साक्रीजवळ शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या, उकाईला जलविद्युत, काकरापारला अणू. नदी समुद्राला मिळते त्या हजिऱ्याला अणुभट्ट्यांना लागणारं जड पाणी, म्हणजे ज्यातला हायड्रोजन नेहमीपेक्षा जड असतो ते पाणी, तयार करण्याचा कारखानासुद्धा आहे. विजेच्या भविष्याबद्दल बोलायला खान्देशी माणसाला लांब जायची गरज नाही.

काकरापारची वीज आपल्याला मिळते का?

मिळते. केंद्र गुजरातेत असलं तरी वीज पश्चिम विभागातल्या राज्यांना वाटून दिली जाते आणि त्यात महाराष्ट्राचा हिस्सा आहे. तुमच्या घरच्या बल्बात नेमकी कुठली वीज पेटली हे मात्र कुणालाच सांगता येणार नाही. ग्रीडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या सामायिक जाळ्यात, सगळी एकत्र होते.

या विजेला ‘स्वच्छ’ का म्हणतात? धूर दिसत नाही म्हणून?

धूर नाही हे अर्धं उत्तर. खाणीतून युरेनियम काढण्यापासून सिमेंट-लोखंड, बांधकाम आणि शेवटी केंद्र मोडीत काढण्यापर्यंतचा सगळा हिशेब धरला तर एका युनिटमागे किती कार्बन हवेत जातो, ते पाहतात. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाने २०१४ च्या अहवालात दिलेले मधले आकडे असे: कोळसा ८२० ग्रॅम, नैसर्गिक वायू ४९०, मोठे सौर प्रकल्प ४८, अणू १२, जमिनीवरच्या पवनचक्क्या ११. सौर पॅनेल बनवण्याची पद्धत त्यानंतर बरीच सुधारली, त्यामुळे आज सौरचा आकडा आणखी खाली आला असणार. कोळसा-वायूची ओळ वेगळी, बाकीच्यांची वेगळी, एवढं समजलं तरी पुरे.

पण आकड्यांपेक्षा भुसावळ जंक्शनवरच्या मालगाड्यांकडे पाहिलं तर फरक लवकर कळतो. एका युनिटला साधारण सातशे ग्रॅम कोळसा लागतो. दीपनगरचा ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चोवीस तास चालला तर आठ हजार टनांच्या आसपास कोळसा जळतो, म्हणजे रोज दोन भरलेल्या मालगाड्या. आपल्या देशी कोळशात तीस ते चाळीस टक्के राखच असते. म्हणजे दिवसाला अडीच-तीन हजार टन राखड एकाच संचातून निघते आणि ती कुठेतरी टाकावीच लागते. भुसावळ तालुक्यातल्या माणसाला राखडीचा विषय समजावून सांगावा लागत नाही.

काकरापारच्या ७०० मेगावॅटच्या संचाला दिवसाला साडेतीनशे किलोच्या आसपास इंधन लागतं. मालवाहू रिक्षात मावेल एवढं. जड पाण्याच्या आपल्या अणुभट्ट्यांत नैसर्गिक युरेनियमच वापरतात. त्याच्या गोळ्या झिरकोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरून नळ्यांची जुडी बांधतात. या अणुभट्टीत अशा जुड्या ठेवायला आडव्या नळांचे ३९२ मार्ग आहेत. इंधन बदलायला अणुभट्टी बंद करत नाहीत. दोन्ही टोकांना एकेक यंत्र येऊन चिकटतं, एकीकडून नवी जुडी आत ढकलली जाते, दुसरीकडून जळालेली बाहेर घेतली जाते आणि वीजनिर्मिती चालूच राहते. एक किलो नैसर्गिक युरेनियममधून असे पन्नास हजारांच्या आसपास युनिट निघतात. कोळशातून तेवढे काढायचे तर पस्तीस टन जाळावा लागेल.

सौरवीज अडीच-तीन रुपयांनी मिळते. मग एवढा खटाटोप कशाला?

सगळ्यात रास्त प्रश्न हाच आणि याचं उत्तर घड्याळात आहे.

दिवसा सौर स्वस्त आहे, तिच्याशी कुणी स्पर्धा करू नये. शेतकऱ्याला तर ती वरदानच आहे. रात्री दोनला थ्री फेज येणार म्हणून बॅटरी घेऊन केळीच्या बागेत पाणी द्यायला जायचं, विंचू-काट्याची भीती बाळगायची, हे खान्देशातल्या पिढ्यांनी भोगलं आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, मागेल त्याला सौर कृषी पंप या योजनांमुळे शेतीचा भार दिवसाकडे सरकतो आहे. तो पूर्णपणे सरकला पाहिजे, आणि त्यासाठी अणुभट्टीची वाट पाहण्याची काहीएक गरज नाही.

अडचण सूर्य मावळल्यावर सुरू होते. घराघरांतले पंखे-कूलर, दवाखाने, रेल्वे, जळगावच्या एमआयडीसीतल्या डाळ मिल आणि पाइपचे कारखाने, धुळ्याचे यंत्रमाग, पाणीपुरवठ्याचे पंप: हा भार संध्याकाळी सातला नाहीसा होत नाही, उलट वाढतो. पावसाळ्यात ढग आले तरी ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या जोरात फिरतात, नैर्ऋत्य मोसमी वारा त्यांचा हंगाम. म्हणजे उन्हाळ्याचे दिवस सूर्याने आणि पावसाळा वाऱ्याने बराचसा सावरतो. उरते ती हिवाळ्यातली रात्र. डिसेंबर-जानेवारीत वारा पडलेला असतो, दिवस लहान असतो, सूर्य साडेसहाच्या आतच गेलेला असतो आणि पुढचे बारा-तेरा तास वीज कुठून तरी यावीच लागते. आज ती कोळशातून येते. देशात निम्म्याहून जास्त स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-वायू-तेल सोडून इतर स्रोतांची झाल्याची बातमी २०२५ मध्ये आली, ती खरी आहे. पण क्षमता म्हणजे युनिट नव्हेत. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत सत्तर टक्क्यांच्या पुढे वाटा अजून कोळशाचाच आहे.

म्हणून अणुविजेला सूर्याच्या समोर उभं करून ‘कोण जिंकणार’ म्हणणं मला चुकीचं वाटतं. तिची स्पर्धा दीपनगरसारख्या ठिकाणच्या रात्रीच्या कोळशाशी आहे.

बॅटऱ्या स्वस्त झाल्या की हाही प्रश्न मिटेल ना?

बराचसा मिटेल. संध्याकाळी सहा ते दहाचा भार उचलायला बॅटरी आत्ताच उपयोगी पडू लागली आहे आणि तिच्या किमती दरवर्षी घसरत आहेत. दोन जलाशयांमध्ये पाणी वर-खाली करून वीज साठवण्याच्या योजनाही सह्याद्रीत होऊ घातल्या आहेत. पण चार तासांची साठवण आणि बारा तासांची साठवण यांत खर्च तिप्पट होतो, आणि सलग चार दिवस ढगाळ गेले तर बॅटरी भरायला वीजच नसते. त्या शेवटच्या टप्प्यासाठी न थांबता चालणारा एखादा स्रोत जोडीला असला की साठवणही कमी लागते. किती लागेल, यावर जाणकारांत एकमत नाही. भारतात अणुविजेचा वाटा आज जेमतेम तीन टक्के आहे. तो दहा-बारा व्हावा असं म्हणणं वेगळं, सगळा देश अणूवर चालवू म्हणणं वेगळं. दुसरं म्हणणाऱ्यांचं मी तरी मनावर घेत नाही.

अणुभट्टी बॉम्बसारखी फुटू शकते का?

नाही. बॉम्बसाठी युरेनियम-२३५ या सहज फुटणाऱ्या प्रकाराचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या घरात लागतं. नैसर्गिक युरेनियममध्ये ते ०.७ टक्के असतं. अणुभट्टीत वाफेचा किंवा हायड्रोजनचा स्फोट होऊ शकतो, किरणोत्सर्गी पदार्थ बाहेर पडू शकतात, आणि ते पुरेसं वाईट आहे. पण हिरोशिमाचं चित्र इथे लागू होत नाही.

मग फुकुशिमात नेमकं काय झालं?

११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर तिथल्या चालू अणुभट्ट्या ठरल्याप्रमाणे आपोआप बंद झाल्या. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. गोची अशी की अणुभट्टी बंद केली तरी आतलं इंधन लगेच गार होत नाही. चूल विझवली तरी निखारे धगधगत राहतात, तसं. बंद केल्या क्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघत असते, दिवसाभराने ती एखाद्या टक्क्याच्या आत येते, पण तोवर आणि त्यानंतरही पाणी फिरवत राहावंच लागतं. त्सुनामीच्या लाटेने नेमके डिझेल जनरेटर बुडवले, बाहेरची वीज भूकंपाने आधीच गेली होती, पंप थांबले. इंधन वितळलं, झिरकोनियम आणि वाफेतून हायड्रोजन तयार झाला आणि इमारतींची छपरं उडाली.

किरणोत्सर्गाने झालेला एक मृत्यू जपान सरकारने मान्य केला आहे. घाईघाईच्या स्थलांतरात, दवाखाने रिकामे करताना, नंतरच्या हालअपेष्टांत दोन हजारांहून जास्त माणसं गेली. चेर्नोबिलची गोष्ट वेगळी. एप्रिल १९८६ मध्ये तिथे सदोष बनावटीच्या अणुभट्टीवर सुरक्षा-यंत्रणा बंद ठेवून चाचणी घेतली गेली, आणि बाहेर भक्कम काँक्रीटचा घुमटही नव्हता.

कोळशाच्या धुराने दरवर्षी किती माणसं मरतात याची बातमी होत नाही, कारण ते एका दिवसात मरत नाहीत. प्रत्येक युनिटमागच्या मृत्यूंचा हिशेब केला तर कोळसा अणूपेक्षा शेकडो पटींनी घातक ठरतो. हे खरं आहे, पण अणुकेंद्राशेजारी राहणाऱ्या माणसाला एवढं सांगून त्याची भीती जाणार नाही, आणि का जावी?

काकरापारला कधी काही घडलं आहे का?

दोनदा, नोंद घ्यावी असं. जून १९९४ मध्ये अतिवृष्टीने शेजारच्या तलावाचं पाणी चढलं आणि टर्बाइनच्या इमारतीत शिरलं. पहिला संच तेव्हा बंदच होता, दुसरा बांधकामात होता. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही, पण फुकुशिमाच्या सतरा वर्षं आधी तापीकाठी मिळालेला तो इशाराच होता: पाणी खालच्या मजल्यावर शिरलं की सगळी यंत्रणा अडचणीत येते.

दुसरी घटना ११ मार्च २०१६ ची. पहिल्या संचातल्या एका शीतक नळाला तडा जाऊन जड पाणी गळायला लागलं. अणुभट्टी आपोआप बंद झाली, शीतकरण चालू राहिलं, कुणाला मर्यादेबाहेर किरणोत्सर्गाची मात्रा बसली नाही. नळाच्या बाहेरच्या अंगाला गंज लागला होता आणि त्याची चाहूल आधी लागली नव्हती. सगळे नळ बदलून संच पुन्हा सुरू व्हायला २०१९ उजाडलं. यंत्रणा वाचली हे चांगलंच, पण गंज कळायला गळती व्हावी लागली, हे विसरण्यासारखं नाही.

उद्या तिथे मोठा अपघात झालाच, तर नंदुरबारला धोका किती?

आपत्कालीन नियोजनाचा पट्टा केंद्राभोवती १६ किलोमीटरचा असतो. नवापूर हवाई अंतराने पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे पट्ट्याच्या बरंच बाहेर. नदी आपल्याकडून तिकडे वाहते, त्यामुळे पाण्यातून काही आलं तर ते सुरतेकडे जाईल, वर चढून आपल्याकडे येणार नाही.

हवेचं मात्र तसं नाही. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे काकरापारहून नवापूर-नंदुरबारच्या दिशेने. फुकुशिमात सक्तीने रिकामा केलेला पट्टा आधी २० किलोमीटरचा होता, पण वारा आणि पाऊस एका दिशेला गेल्याने चाळीस किलोमीटरवरचं इताते गावही नंतर खाली करावं लागलं. म्हणून नवापूर तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांत किरणोत्सर्गी आयोडीनपासून थायरॉइड ग्रंथी वाचवणाऱ्या आयोडीनच्या गोळ्या कधी आणि कुणाला द्यायच्या एवढी माहिती तरी असावी, असं माझं मत आहे. यात घाबरवण्याचा हेतू नाही. पुराचा इशारा आपण ज्या सहजतेने घेतो, त्याच सहजतेने हेही घ्यावं.

केळीत किरणोत्सर्ग असतो, असा मेसेज फिरतो. जळगावच्या केळीचं काय?

मेसेज अर्धवट खरा आहे आणि त्यात जळगावचा काही दोष नाही. केळीत पोटॅशियम भरपूर असतं आणि निसर्गातल्या पोटॅशियमचा अगदी बारीक अंश किरणोत्सर्गी असतो. जगातल्या कुठल्याही केळीत तो तेवढाच. बटाट्यात, डाळीत, दुधात आणि तुमच्या-माझ्या अंगातही आहे. शरीर पोटॅशियमची पातळी ठरावीक ठेवतं, जास्तीचं लघवीवाटे टाकून देतं, त्यामुळे डझनभर केळी खाल्ली म्हणून मात्रा साठत जात नाही.

तुलनेसाठी: निसर्गातून, म्हणजे माती, खडक, हवा, अन्न आणि आकाशातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाची मात्रा मोजायचं एकक) मात्रा मिळते. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये सात ते दहा मिळते. अणुकेंद्रामुळे बाहेरच्या माणसाला वर्षाला एक मिलिसिव्हर्टहून जास्त मिळता कामा नये, असा अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम आहे. जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, थोडं थोडं बाहेर सोडलं जातं, त्यामुळे या मर्यादेवर सतत लक्ष ठेवावं लागतं. केळी निवांत खा.

कचऱ्याचं काय करतात?

अणुविजेची खरी लंगडी बाजू. जळालेलं इंधन आधी काही वर्षं केंद्रातच पाण्याच्या खोल टाकीत ठेवतात. पाणी ते गारही ठेवतं आणि किरणोत्सर्गही अडवतं. पुढे भारत ते सरळ पुरून टाकत नाही. तारापूर, मुंबईतलं तुर्भे (ट्रॉम्बे) आणि तमिळनाडूतल्या कल्पाक्कमला त्यावर पुनर्प्रक्रिया करून प्लुटोनियम आणि उरलेलं युरेनियम वेगळं काढतात. राहिलेला अतितीव्र भाग काचेत वितळवून पोलादी डब्यांत बंद करतात. यामुळे कचऱ्याचं आकारमान फारच कमी होतं. आधी सांगितलेली राखड आठवा आणि हे डबे पाहा, तुलना होऊच शकत नाही.

पण त्या डब्यांना हजारो वर्षं सांभाळणारी जमिनीखालची कायमची जागा भारताकडे आज नाही. फिनलंडने खडकात खोल बोगदे खणून ती तयार केली आहे. आपल्याकडचे डबे सध्या जमिनीलगतच्या सुरक्षित कोठारांत आहेत. आणखी काही दशकं ते चालेल. ‘पुढचं पुढे पाहू’ हे मात्र उत्तर होत नाही.

दीपनगरचे जुने संच काढून तिथे छोटी अणुभट्टी बसवता येईल का?

ही कल्पना जगभर चर्चेत आहे आणि ती उगाच नाही. जुन्या औष्णिक केंद्राकडे वीज वाहून नेणाऱ्या वाहिन्या तयार असतात, पाण्याचा हक्क असतो, रेल्वे असते, टर्बाइन चालवणारी माणसं असतात. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपये आणि २०३३ पर्यंत किमान पाच देशी छोट्या अणुभट्ट्या चालू करण्याचं उद्दिष्ट जाहीर झालं. २०४७ पर्यंत एकूण अणुक्षमता १०० गिगावॅट, म्हणजे एक लाख मेगावॅट करायची आहे. आज ती नऊ गिगावॅटच्या आत आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ कायदा मंजूर करून खासगी कंपन्यांनाही या क्षेत्राचं दार उघडलं.

आता व्यवहाराचं. दीपनगरला असं काही ठरल्याचं मी म्हणत नाही. तिथे ६६० मेगावॅटचा कोळशावरचाच नवा संच उभा राहिला आहे आणि नवा संच कुणी लवकर मोडत नाही. अणुभट्टीला भोवती मोकळा पट्टा लागतो, दीपनगर मात्र वस्तीला खेटून आहे. शिवाय तापीचं खोरं भूगर्भातल्या जुन्या भेगांच्या पट्ट्यात येतं. १९३८ मध्ये सातपुड्यात सहाहून जास्त रिश्टरचा भूकंप झाला होता. त्यावर मात करणारं बांधकाम करता येतं, जपानमध्ये करतातच, पण त्याची किंमत मोजावी लागते. आणि ज्या छोट्या अणुभट्ट्यांची एवढी जाहिरात चालली आहे, त्यांपैकी मोजक्याच जगात प्रत्यक्ष चालू आहेत. कारखान्यात बनवून ट्रेलरवर आणायच्या आणि बसवायच्या, हे ऐकायला छान आहे. स्वस्त पडतं का, ते अजून कुणी दाखवलेलं नाही.

पाणी किती लागतं?

कोळशापेक्षा थोडं जास्तच. अणुकेंद्रात वाफेचं तापमान कमी ठेवतात, त्यामुळे उष्णतेतला तीस टक्क्यांच्या आसपासच भाग विजेत उतरतो, बाकीची उष्णता कुठेतरी सोडावी लागते. कूलिंग टॉवर असलेल्या केंद्रात ढोबळमानाने युनिटमागे तीन लिटर पाणी वाफ होऊन जातं. ७०० मेगावॅटचा संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला पाच कोटी लिटर. काकरापारला उकाईचा मोठा जलाशय पाठीशी आहे. मे महिन्यात हतनूर आणि गिरणाची पातळी पाहणाऱ्या खान्देशात हा हिशेब जमिनीच्या प्रश्नापेक्षाही कठीण आहे. सौर पॅनेलला धुण्यापुरतंच पाणी लागतं. खान्देशात नवी निर्मिती म्हणजे आधी सौर, असं मी म्हणतो त्याचं मोठं कारण हेच.

अणुवीज महाग असते, खरं का?

जुन्या केंद्रांची स्वस्त आहे, नव्यांची महाग. काकरापारच्या दोन नव्या संचांना २२,५०० कोटी रुपये लागले, म्हणजे मेगावॅटमागे सोळा कोटी. सौरला मेगावॅटमागे चार-पाच कोटी. ही तुलना सरळ करू नका, कारण अणुसंच वर्षाचा बहुतेक काळ पूर्ण भाराने चालतो आणि पॅनेल सरासरी एक चतुर्थांशही नाही. वर्षभराच्या युनिटांनी भागलं की अंतर बरंच कमी होतं. अणुविजेला मारतो तो वेळ. काकरापारच्या या संचांचं पहिलं काँक्रीट नोव्हेंबर २०१० मध्ये पडलं आणि वीज विकायला सुरुवात झाली २०२३ मध्ये. तेवढी वर्षं कर्जाचं व्याज चढत राहतं आणि विकायला एक युनिट नसतो. साक्रीसारखा सौर प्रकल्प दोन-एक वर्षांत वीज द्यायला लागतो.

जैतापूरचं उदाहरण आणखी बोलकं. प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट. पंधरा-वीस वर्षं चर्चा चालू आहे, स्थानिकांचा विरोध, किमतीचा घोळ, आणि अजून अणुभट्टीचं काम सुरू नाही. माझं मत विचाराल तर परदेशी महागड्या बनावटीपेक्षा आपली ७०० मेगावॅटचीच बनावट एकामागून एक बांधत राहणं शहाणपणाचं. राजस्थानात रावतभाट्याला तशी एक २०२५ मध्ये सुरूही झाली.

जर्मनीने बंद केल्या, मग आपण का बांधायच्या?

जर्मनीने शेवटच्या तीन अणुभट्ट्या एप्रिल २०२३ मध्ये बंद केल्या, पण कोळसा अजून जाळते आहे. शेजारचा फ्रान्स दोन तृतीयांश वीज अणूपासून काढतो. दोघांच्या वाटा वेगळ्या आणि दोघेही श्रीमंत.

थोरियमचं काय झालं?

भारताकडे थोरियम भरपूर आहे, मुख्यतः आंध्र, ओडिशा, तमिळनाडू, केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत. होमी भाभांनी आखलेल्या अणुकार्यक्रमाच्या तीन टप्प्यांतला तो तिसरा टप्पा. दुसऱ्या टप्प्यातली कल्पाक्कमची ५०० मेगावॅटची फास्ट ब्रीडर, म्हणजे जाळते त्याहून जास्त इंधन तयार करणारी अणुभट्टीच ठरल्या वेळेच्या कितीतरी वर्षं मागे पडली. थोरियमच्या भरवशावर आज कुणी नियोजन करू नये.

“भाऊ, आमनी जमीन जाई का?”

नंदुरबारकडे हा प्रश्न आधी येतो आणि तो यायलाच हवा. उकाईच्या पाण्यात इकडची गावं गेली. सरदार सरोवरात अक्राणी-अक्कलकुव्याची ३३ गावं बाधित झाली. वीज दुसरीकडे गेली आणि कित्येक पाड्यांवर दिवा फार उशिरा लागला. तिथल्या माणसापुढे ‘राष्ट्रहित’ हा शब्द काढताना जपून काढावा.

निव्वळ जमिनीचा हिशेब अणूच्या बाजूने आहे. ७०० मेगावॅटचा संच वर्षाला जेवढी वीज देतो तेवढी सौरमधून काढायला ३,३०० मेगावॅटची पॅनेल आणि तेरा ते सोळा हजार एकर जमीन लागेल. पण सौरची जमीन विखुरलेली घेता येते. पडीक, गायरान, घराचं छप्पर, शेतकऱ्याकडून भाड्याने घेतलेला तुकडा, काहीही चालतं आणि मालकी त्याच्याकडेच राहते. अणुकेंद्राला सलग जागा लागते आणि ती कायमची जाते.

अपघात झाला तर भरपाई कोण देणार?

केंद्र चालवणारी कंपनी, पण ठरावीक रकमेपर्यंतच. २०१० च्या कायद्यात ही मर्यादा १,५०० कोटी होती. २०२५ च्या ‘शांती’ कायद्यात ती अणुभट्टीच्या आकारानुसार कमी-जास्त ठेवली आहे, त्यापुढचा भार सरकारवर. सदोष यंत्र पुरवणाऱ्याकडून वसुली करण्याचा २०१० मधला खास हक्क मात्र आता राहिलेला नाही. भोपाळनंतर आलेली ती तरतूद होती. ती काढल्याशिवाय परदेशी पुरवठादार येत नाहीत, असं सरकारचं म्हणणं. मला हा सौदा पटलेला नाही.

आमच्या भागात असा प्रकल्प येतो म्हटलं, तर ग्रामसभेत काय विचारायचं?

‘सुरक्षित आहे का?’ विचाराल तर उत्तर ‘शंभर टक्के’ असंच येईल आणि सभा संपेल. त्यापेक्षा मोजता येण्यासारखं विचारा. दुष्काळी वर्षाच्या मे महिन्यात पाणी कुठून घेणार आणि तेव्हा आधी कुणाचं तोडणार: केंद्राचं, शेतीचं की गावाचं? १९३८ सारखा भूकंप झाला तर कोणता धक्का धरून बांधकाम केलं आहे? धरणाचे दरवाजे अचानक उघडले तर डिझेल जनरेटर पुराच्या पातळीच्या किती वर आहेत? जळालेलं इंधन इथे किती वर्षं राहणार आणि नंतर कोणत्या रस्त्याने कुठे जाणार? ट्रिटियमची मोजणी कोण करणार, आणि आकडे तालुक्याच्या गावी मराठीत फळ्यावर लागतील का? इथल्या विजेतला किती हिस्सा याच जिल्ह्याला, किती दराने? आणि दर दोन वर्षांनी सराव घ्यायचा ठरला तर एसटीच्या किती गाड्या, किती वेळात, कुठल्या पाड्यापर्यंत येतील?

उत्तरं लेखी मागा. तोंडी उत्तर इतिवृत्तात येत नाही आणि पाच वर्षांनी अधिकारी बदललेले असतात.